उजवा कौल

पोटुशी बाईला दम लागायचाच, असं मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्या साऱ्यांची तोंडं अजून डोळ्यांपुढे आहेत. म्हणे, आमका काय पोरां झाली नाय? अगं बायांनो, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे! विहिरीवरून कळशी आणताना मला मधेच बांधावर टेकावं लागायचं. आडवं पडलं की छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून गोधड्या रचून मी भिंतीला टेकून झोपायची. पावलं इतकी सुजली की जोडवी रुतायला लागली. सहावा महिना चालू होता, आणि सगळे म्हणत होते, होईल बरं.

आमचे हे मुंबईला गिरणीत. यायचे ते मे महिन्यात, आंब्याला. एरवी खाडीकाठच्या त्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच. सासूबाई म्हणजे मोजकं बोलणार. 'दिवो लाव', 'गाय बांध', 'जेव गो', झालं. माझं माहेर लांब, फोंडाघाटच्या बाजूला. दिवसदिवस माणसाचा शब्द कानावर पडायचा नाही. मी गाईशी बोलायची. खोटं कशाला सांगू, गाय निदान मान तरी हलवायची.

भातकापणी उरकली होती. एका दुपारी जेवून जरा कलंडले आणि एकदम श्वासच मिळेना. उठून बसले तरी मिळेना. तोंडातून शब्द फुटेना, ओठ थंड पडले. मी मरणार आणि मुंबईत ह्यांना पुढच्या आठवड्यात कळणार, एवढंच डोक्यात आलं. सासूबाई परसातून धावत आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि शेजाऱ्यांना हाका मारत सुटल्या. लाकडी खुर्चीला दोन वासे बांधून चौघांनी मला उचललं. डॉक्टर खाडीपलीकडे होता, तिथवर तरीतून, खाडीच्या होडीतून, जायचं होतं.

पण तरीच्या वाटेवर ग्रामदेवाचं देऊळ. आणि आमच्याकडे त्या काळी देवाचा कौल घेतल्याशिवाय कोणी आजाऱ्याला गावाची वेस ओलांडू देत नसे. खुर्ची देवळासमोर टेकवली. गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना तांदळाचे ओले दाणे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणाले. उजवीकडचा दाणा आधी पडला तर जा, डावीकडचा पडला तर जाऊ नका. सगळे टक लावून उभे. मी खुर्चीत बसून माशासारखी तोंड उघडत-मिटत होते.

डावा पडला.

"बाये, देवान डावो दिल्यान," गुरव म्हणाला. "आज तिका पलीकडे व्हरू नको. उद्या परत इचारू."

चौघे मागे सरले. देवाच्या शब्दाबाहेर वासा कोण उचलणार? तेव्हा सासूबाई गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"देवा, तुका सून नाय, म्हणान तुका कळना नाय. माका एकच आसा. तू बस हंयसर, मी चललंय!"

पदर खोचून त्या आल्या आणि खुर्चीचा पुढचा वासा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. म्हातारी बाई वासा उचलते म्हटल्यावर ते चौघे खाली माना घालून पुढे आले. तरीत सासूबाईंनी मला पाठीमागून धरून बसतं ठेवलं. माझा श्वास अजून भात्यासारखा चालला होता, तरी मला रडू आलं. मी त्या घरात कुणाला हवी आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मला लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप आखडली होती. उद्यावर टाकलं असतं तर हाती काही राहिलं नसतं, असं ते म्हणाले. मग सासूबाईंना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "आडवं झाल्यावर धाप लागते, बसून झोपावं लागतं, पाय सुजतात, तर लगेच दाखवायचं. आणि बसल्या जागी एकाएकी श्वास कोंडला, तर घटकाभरही थांबायचं नाही." सासूबाईंनी ते पुन्हा म्हणून घेतलं. पुढे विहिरीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या ते ऐकवायच्या. बायका हसायच्या, म्हणायच्या, डाक्तरीण इली!

मुलगी सुखरूप झाली. पण माझ्या हृदयाला मोठं इस्पितळ हवं, म्हणून ह्यांनी मला मुंबईला नेलं. सासूबाईंना चला म्हटलं. "घरात दिवो लावूक कोण?" म्हणाल्या आणि गाईच्या गोठ्यात निघून गेल्या.

मुंबईत ऑपरेशन होऊन माझा श्वास मोकळा झाला आणि आम्ही तिथेच राहिलो. काही वर्षांनी एका पावसाळ्याच्या तोंडाशी सासूबाई गेल्याची तार आली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ओटीवरच्या खांबाला त्यांच्या गोधड्या रचून ठेवलेल्या, टेकून बसायला रचतात तशा. शेजारीण म्हणाली, "महिनोभर बसानच निजायची. इचारला तर म्हणायची, खोकलो आसा." मला त्या गोधड्या बघून सगळं कळलं. साऱ्या गावाला शिकवणारी बाई, तिला स्वतःचं कळलं नसेल? संतापाने माझं डोकं भणाणलं. मी तडक देवळात गेले आणि गुरवाला विचारलं, "पुन्हा डावा दिला ना तुमच्या देवाने?"

म्हातारा गुरव खाली बसला. "नाय गो बाये. तिना येवन कौल घेतल्यान. देवान उजवो दिल्यान, लगेच. मी म्हटलंय, जा. तर म्हणता कशी, देव जा म्हणता, पण सोबतीक, वांगडा येवक कोण आसा? माका उचलून व्हरूक माझी सून हंय नाय आता."

देवाने मला जाऊ नको म्हटलं तेव्हा त्या मला घेऊन निघाल्या. त्यांना जा म्हटलं तेव्हा राहिल्या. त्यांना खुर्चीत घालून, दोन शिव्या हासडून तरीत बसवणारं माणूस हवं होतं. ते माणूस त्या महिन्यात मुंबईत एका उशीवर, गाढ, सपाट झोपत होतं.