दोघांच्या वजनाची बोट

पिवळ्या बोटीत दोष सापडेना, तशी माझी पंचाईत वाढत गेली.

देवासच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडच्या अंगणात ती ओंडक्यांवर ठेवलेली होती. अठरा फुटी बीच कॅटमरान. म्हणजे हल म्हणतात ती दोन निमुळती, पोकळ धडं, त्यांना जोडणारे अॅल्युमिनियमचे दांडे आणि मधे ताणून बसवलेलं जाळीचं कापड. त्या कापडावर बसायचं आणि शीड सांभाळायचं. काठावरून सरळ पाण्यात ढकलता येते. शेजारी चौदा फुटी पांढरी होती. एक वॉटर स्पोर्ट्सचा धंदा बंद पडला, त्याच्या या दोन बोटी शेडचे मालक राठौरजी यांच्याकडे विकायला आल्या होत्या.

मी नोकरीभर पीथमपूरला एफआरपीच्या पार्टचं इन्स्पेक्शन केलं. काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवले की एफआरपी होतं. बसचे बंपर त्याचेच, बोटही त्याचीच. बोटीतलं मला एवढंच कळतं. पोहताही येत नाही.

पिवळी दादाने निवडली होती. वहिनी लग्नाआधी भोपाळच्या तलावावर शिडाची बोट चालवत. पुढे धारचा संसार आणि शाळेची नोकरी यांत ते सुटलं. निवृत्तीनंतर पुन्हा सुरू करायचं, आणि या वेळी दोघांनी, असं ठरलं. दादा तहसिलीत हेडक्लार्क होता. त्याने पुस्तकं मागवली, वहीत टिपणं काढली, देवासला येऊन बोट पक्की केली. त्यानंतर दोन महिन्यांत तो गेला.

वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींचा फोन आला. "भावोजी, ती बोट अजून तिथेच आहे. मला घ्यायचीय. तुम्ही तपासा. पण दीर म्हणून नको, इन्स्पेक्टर म्हणून या."

वहिनी सोबत आल्या होत्या. त्या बघत उभ्या राहिल्या आणि मी नाण्याने हल वाजवत गेलो. थर घट्ट असले की आवाज कोरडा, टणक येतो. सुटले असले की ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा दबतो. पिवळी टोकापासून टोकापर्यंत टणक वाजली. सांध्यांना साबणाचं पाणी लावून आत हवा भरली. एक बुडबुडा नाही. बोल्टांभोवती गंज नाही, डोलकाठी सरळ. पांढरीच्या पाठीवर मात्र तळहाताएवढी जागा दबकी वाजली.

दादाला यातलं काही शिकवलेलं नव्हतं, तरी त्याची निवड माझ्या सगळ्या तपासण्यांतून पास झाली. तिथे उभ्या उभ्या मला त्याचा फार अभिमान वाटला. आणि ही बोट घ्यायची नाही, हेही तेव्हाच पक्कं झालं.

"क्यों भिया, इतना ठोक लिया, निकला कुछ?" राठौरजींनी विचारलं.

"कुछ नहीं. माल एक नंबर है."

"तो गाड़ी बुलवाऊँ?"

"रुको. एक टेस्ट बाकी है."

कॅटमरान सहज कलत नाही. पण एकदा आडवी झाली की आपोआप उभीही राहत नाही. चालवणाऱ्याने पाण्यातल्या हलवर उभं राहायचं, वरच्या हलला बांधलेला दोर धरून मागे रेलायचं आणि अंगाच्या वजनाने तिला उठवायचं. वजन कमी पडलं तर माणूस पाण्यातच राहतो. हे मी दादाच्या वहीत वाचलं. तिथे त्याने स्वतःचं आणि वहिनींचं वजन लिहून बेरीज केली होती. ती पिवळीला पुरत होती.

शेडमधल्या चार जणांनी डोलकाठी चढवून बोट अंगणात आडवी केली. पाण्यातलं सगळं जमिनीवर कळत नाही, पण अंदाज येतो. वहिनींनी ओढणी कमरेला खोचली, खालच्या हलवर चढल्या आणि दोर धरून रेलल्या. बोट हलली नाही.

"काकीजी, पूरा लटक जाओ!" एक जण ओरडला.

"लटकी ही तो हूँ, भैया. छप्पन किलो हूँ, बाकी कहाँ से लाऊँ?"

सगळे हसले. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही मागून धरा. उठेल."

"उठेल. पण तिथे मी नसेन. ही दोघांची बोट आहे, वहिनी."

त्यांनी दोर सोडला नाही. "ह्यांनी निवडलीय."

"बरोबर निवडलीय. एकही फॉल्ट नाही. पण मी सही करणार नाही."

"दीर म्हणून आला असतात तर?"

"तर केली असती."

 मग त्या खाली उतरल्या, हात झटकले आणि राठौरजींना म्हणाल्या, "वो सफ़ेद वाली गिराओ."

पांढरीही पहिल्यांदा अर्धीच उठली. मग त्यांच्या खांद्याला पाण्याने भरलेली पिशवी अडकवली. अशी रिकामी पिशवी बोटीवर ठेवतात आणि गरज पडली की तिथल्याच पाण्याने भरतात. या वेळी बोट डुलत उठली. वहिनी उडी मारून बाजूला झाल्या.

दबकी जागा मी स्वतः कापली. थरांमधला ओला फोम काढला, वाळवलं, नवे थर चढवले. त्या कामाला महिना लागला, कारण मला घाई करायची नव्हती.

धार जिल्ह्यातल्या मनावरकडच्या धरणावर, बचावाची मोटरबोट जवळ ठेवून, वहिनींनी ती पाण्यात घातली. काठापासून थोडं दूर गेल्या आणि मुद्दाम आडवी पाडली. मी काठावर लाइफ जॅकेट घालून उभा होतो, त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. पहिल्या वेळी पाय घसरला आणि त्या पाण्यात पडल्या. मोटरबोटवाल्याने इंजिन सुरू केलं; त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, पिशवी भरली, पुन्हा रेलल्या. डोलकाठी पाण्यातून वर आली. ओल्या कपड्यांनी त्या चढून बसल्या, शीड ओढलं आणि काठाकडे न बघता धरणाच्या मध्याकडे निघाल्या.

नोकरीत मी हजारो नग नाकारले, प्रत्येकाच्या कागदावर दोष लिहून. निर्दोष माल एकदाच नाकारला, आणि माझ्या सगळ्या कामात मला तोच निकाल जास्त पटतो. वस्तू वापरणार कोण, हा रकाना आमच्या फॉर्मवर कधी नव्हताच.