चिंचेतला खिळा

शिरूरला बाजारपेठेत एका मेडिकलच्या वर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. मी सिव्हिल इंजिनियर, पण गेली बरीच वर्षं घरं बांधत नाही, घरांची किंमत सांगतो. कुणी कर्ज मागायला गेलं की बँक मला पाठवते. मी जागा बघतो, टेप लावतो, फोटो काढतो आणि रिपोर्टवर सही करतो. पाबळकडची पोल्ट्रीची शेड, तळेगाव ढमढेऱ्याचा उसाचा मळा, भांडगावला हायवेलगतचं गोडाऊन, सगळीकडे माझा टेप फिरलेला आहे. त्या टेपचा मला एके काळी फार माज होता.

काही वर्षांपूर्वी रिपोर्टला एक पान वाढलं. वर मथळा होता 'हवामानाची जोखीम'. पूर, उष्णता, पाणीटंचाई, वादळ, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. बदलत्या हवामानात आपलं तारण कितपत टिकेल हे बँकांनी जाहीर करायचं, असं वरून आलं होतं. आणि वरून आलेलं शेवटी माझ्यासारख्याच्या पेनापर्यंत उतरतं. बँकेच्या पॅनेलवर किंमत काढणारे आम्ही सगळे वैतागलो. एक जण म्हणाला, "आता आपन ढग बी मोजायचे का?" आम्ही हसलो आणि सगळीकडे 'नाही' टाकायला शिकलो. पत्र्याखाली कोंबड्या चोची वासून धापा टाकत असायच्या आणि मी उष्णतेपुढे 'नाही' लिहून, घाम पुसत गाडीत जाऊन बसायचो. तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

माझी थोरली बहीण दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात दिलेली. दाजींनी नदीकडच्या रानात घर बांधायचं काढलं, बँकेत अर्ज केला आणि फाइल नेमकी माझ्याकडे आली. नात्यातलं काम घ्यायचं नसतं. मालकाशी आपलं नातं नाही असं रिपोर्टच्या शेवटी लिहून द्यावं लागतं. पण ताई म्हणाली, "घरचा मानूस असताना परका कशाला?" मला ते पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं.

पाहणीला ताईच्या सासूबाई माझ्याबरोबर आल्या. सगळी वस्ती त्यांना आक्का म्हणते, मीही म्हणतो. सत्तरी ओलांडलेल्या, पण चाल अशी की मलाच पळावं लागलं. बांधावर चिंचेचं जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्यात, आक्कांच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एक गंजलेला खिळा होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले त्या साली पानी हितवर आलं हुतं. मामंजींनी पानी उतरल्यावर ह्यो खिळा मारला. म्हनले, मानसं इसरत्यात."

झाड वाढतं ते शेंड्याकडून, बुंध्यातला खिळा होता तिथंच राहतो, एवढं मला कळत होतं. मी गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी मागवली. एक टोक खिळ्याला धरलं, दुसरं घर येणार होतं तिथं नेलं. नकाशातलं जोतं धरूनसुद्धा ती पातळी खालच्या मजल्याच्या खिडकीच्या कट्ट्याला लागत होती. मी डायरी काढली आणि जोत्याच्या वर किती, तो आकडा लिहून घेतला. आक्का शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "नीट लिवा, पाव्हणं," म्हणाल्या.

संध्याकाळी मी मॅनेजरला फोन केला. पुराच्या रकान्यात काय टाकू म्हणून विचारलं. ते म्हणाले, "सरकारी नोंद आहे का? म्हातारीचा खिळा काही नोंद होत नाही. 'हो' टाकलंत तर फाइल वर जाईल आणि तिथंच बसेल. 'स्थानिक चौकशीत आढळले नाही' असं टाका." पाठोपाठ ताईचा फोन. भाड्याच्या दोन खोल्यांत ती बारा वर्षं काढत होती. "येवढं तुझ्याकडनं व्हत न्हाई व्हय?" एवढंच बोलली आणि फोन ठेवला. मी विरघळलो. टाकलं. नातं नाही, तेही टाकलं. खिळा डायरीत राहिला आणि डायरी ड्रॉवरमध्ये गेली.

घर झालं. चांगलं झालं, त्यात वाद नाही. वास्तुशांतीला गेलो तर चिंच जागेवर नव्हती. "गाडी वळत नव्हती," दाजी म्हणाले. मी बासुंदी खाल्ली.

पुढच्या वर्षी बँकेचा वार्षिक अहवाल आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. गुळगुळीत पानांचा, हिरव्या पानाफुलांचा. त्यात एक परिच्छेद होता, की आमच्या तारणांची तज्ज्ञांकडून जागेवर जाऊन पाहणी झालेली आहे आणि पुराचा लक्षणीय धोका आढळलेला नाही. ग्रुपवर अंगठे पडले. मी तो परिच्छेद चार-पाचदा वाचला. तो तज्ज्ञ मीच होतो. माझ्यासारखे किती तज्ज्ञ मिळून तो 'आढळलेला नाही' तयार झाला असेल?

त्याच हिवाळ्यात आक्का न्हाणीत घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. त्यांना खालच्या मजल्यावर, मागच्या खोलीत ठेवलं. खिडकी नदीकडे. मी दाजींना म्हटलं, पावसाळ्यात वर हलवा. दाजी हसले. "काय इंजिनियरसायेब, बँकेनं मानूस धाडून समदं बघितलंय की. उगं कर्ज दिलंय का?" चेष्टा करतायत असं मला वाटलं. चेष्टा नव्हती. माझी सही माझ्याच मेहुण्याला बँकेची खात्री वाटत होती.

यंदा ऑगस्टमध्ये दौंडात थेंब नव्हता. कडक ऊन पडलेलं, आणि नदी चढत होती. पाऊस वर घाटात पडत होता, धरणं भरली होती, पाणी सोडलं होतं. ग्रामपंचायतीची रिक्षा भोंग्यावरून सांगत फिरत होती. मी दुपारीच शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघालो. पोचलो तेव्हा खालचं उसाचं रान दिसत नव्हतं, नुसते शेंडे हलत होते. पाण्याला आवाज नव्हता. आवाज असता तर बरं वाटलं असतं.

आक्का उशीला टेकून खिडकीतून बघत होत्या, अगदी निवांत. मी विचारलं, "आक्का, भीती न्हाई वाटत?"

"वाटायची," त्या म्हणाल्या. "पर तुमी लिवून न्हेलं हुतं नव्हं? माझ्या डोळ्यांदेखत लिवलं. बँकेला ठावं असून त्यांनी घर बांधू दिलं, म्हंजी आता येवढं पानी येत नसंल. मला वाटलं, माझीच कायतरी चूक व्हत आसंल. म्हातारपनी व्हतं तसं."

मी कॉटच्या कडेला बसलो. म्हटलं, "आक्का, मी ते बँकेला दिलंच न्हाई. डायरीत तसंच हाय. तुमची चूक न्हाई."

रागावतील असं वाटलं, रागावल्या असत्या तर मला हवंच होतं. त्या नदीकडे बघून म्हणाल्या, "मग आता मला वर न्या."

जिना बाहेरून, अरुंद, मध्ये वळण. कॉट जाईना. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, साडीनं बांधून, दाजी, मी आणि शेजारचे दोघे असं वर नेलं. वळणावर खुर्ची अडकली तेव्हा त्यांच्या पायाला काय होत असेल ते त्यांच्या ओठांवर दिसत होतं.

पाणी त्या वेळी कंपाउंडच्या भिंतीला लागून थांबलं आणि तिसऱ्या दिवशी उतरलं. दाजी म्हणाले, "बघा, आलं का आत?" वर न्हाणी नाही, ताईला एकटीला त्यांचं करणं झेपेना. आक्कांना परत खाली आणलं. मी बँकेला पत्र लिहिलं, नात्याचं आणि खिळ्याचं, दोन्ही. अजून उत्तर नाही. वरच्या न्हाणीला बँक पुन्हा पैसे देईल तेव्हा बघू, असं दाजी म्हणतात, आणि पुन्हा पाहणीला कोण येणार तेही विचारतात.

गेल्या रविवारी आक्कांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "ती डायरी आना. आन् हातोडी."

मी डायरीतला आकडा काढला आणि त्यांच्या खोलीत, कॉटलगतच्या भिंतीवर, फरशीपासून टेप लावला. खिळा मारताना ताई दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. दाजी बाहेर गाडी पुसत होते, ते थांबले. खिळा आक्कांच्या उशीच्या वर दोन वीत आला. त्यांनी झोपल्या झोपल्या हात वर करून तो चाचपला आणि म्हणाल्या, "हां. हितंच हुता."