गार पडलेली अंडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी सगळं सांगतो, अगदी नको तेसुद्धा!

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत शिकायला गेलो. तिथे सुमाक्का होती, माझ्याहून सीनियर. बेंगळुरूतल्याच जुन्या मराठी घरातली, वडिलांचं कापडाचं दुकान. कोंबडीच्या अंड्यात पिल्लाचा मज्जारज्जू घडतो ना, तेव्हा नव्या चेतापेशी मधोमध जन्मतात आणि सरकत सरकत बाहेर आपापल्या जागी जातात. अक्का काचेची नळी ज्योतीवर तापवून ताणायची, तिच्या केसासारख्या बारीक पोकळ सुया ओढायची, त्यांनी अंड्यात रंग भरायची आणि त्या पेशींची वाट शोधायची. सर म्हणाले होते, या खेपेला पेशी पोचल्या नाहीत तर विषय बंद. विषय बंद म्हणजे घरी लग्नाची बोलणी सुरू. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या रविवारी अंडी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. काम ते काय? वीज गेली की तिच्या उबवणपेटीचा प्लग काढून जनरेटरच्या बोर्डात लावायचा. एवढंच! मी जे. पी. नगरला मित्राकडे मॅच बघत बसलो. संध्याकाळी परतलो तर वीज नुकती आलेली, आणि अंडी — हाताला गार लागली. तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत मी पेटीसमोर उभा राहिलो. मग खोलीवर जाऊन जेवलो.

अक्काने अंडी उघडली. पेशी अर्ध्या वाटेतच थांबलेल्या. तुलनेसाठी ठेवलेली, सुई न लावलेली अंडी दुसऱ्या पेटीत होती, कायम जनरेटरवर — ती ठणठणीत. मग दोष कुणाचा? सुईचाच ना! ऊब तुटली की पेशी अडतात, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

"माझा हातच जड, रे," ती म्हणाली. डोळे भरले होते. मग 'ठीक आहे'साठीचा तिचा नेहमीचा कानडी शब्द, "सरी, सोड."

आणि मी — मी तिची समजूत काढली! होतं असं कधीकधी, अक्का, म्हणालो. लिहितानाही लाज वाटते.

ती गेली. जाताना सुयांची डबी माझ्या हातात दिली. तुझा हात हलका आहे, म्हणाली. मी ती घेतली. त्याच सुयांनी मी पुढचं काम केलं, आणि माझ्या पेशी वेळेवर पोचल्या.