कॅलेंडरवरची लाल गाडी

रोज चहाआधी जगदेवमामा हँडल घालून इंजिनाला अर्धा फेरा द्यायचे, ते गंजून अडकू नये म्हणून. किन्हीराजा गावातले ते जीपचे मिस्त्री. कॅलेंडरवरच्या विलायती शर्यतीच्या गाडीसारखी गाडी ते अंगणात घडवत होते. पत्रा तेलाच्या डब्यांचा, इंजिन भंगारातल्या जीपचं. ती एकदा स्वतः चालवायची, एवढंच त्यांना हवं होतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गाडी पुरी झाली, तोवर खोकल्यानं ते इतके खंगले की हँडल फिरेना.

एका सकाळी तोंडातून रक्त आलं. शेजारच्या शेषरावानं हँडल मारून पाहिलं; इंजिन सुरू झालं नाही. मग एसटीनं दवाखान्यात न्यायला मामांना स्टिअरिंगमागं बसवून चौघांनी गाडी थांब्याकडे लोटली. थांबा आला तेव्हा मामा गेलेले होते. वाटेत एवढंच म्हणाले, "शेषराव, हळू लोट ना बावा, समोर कोंबड्या हायेत."