नरडाण्याचं तेवढं राहिलं

गोळ्या-चॉकलेटांवर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण गोळ्यांचे कारखाने बघायला जायचं म्हणून सहा वर्षं नुसता आराखडा करणारा माणूस आमच्या व्याह्यांशिवाय खानदेशात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. हे मी पैजेवर सांगतो. मी शिकलेला नाही. दुसरीत मास्तरांनी पट्टी उगारली, मी ती हातात धरली, आणि तिथंच माझं शिक्षण संपलं. पण तीस वर्षं कापसाच्या गाठींचा ट्रक चालवला, त्यामुळे समोरून येणारा माणूस कुठं वळणार हे मला लांबूनच कळतं. व्याही मात्र सहा वर्षं कळले नाहीत. यात चूक कोणाची ते वाचणाऱ्यानं ठरवावं. माझ्या मते त्यांची.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. ते जळगावला, मी धुळ्याला. त्यांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. ट्रकवाला आणि नाकेदार यांचं नातं काय असतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. ज्याला ठाऊक नाही त्यानं मांजर-उंदराचं धरावं. सोयरीक निघाली तेव्हा मी साफ नाही म्हणणार होतो, पण आमची मंडळी म्हणाली, "पोर चांगली शे. बाप नाक्यावर का असेना, पोर काही नाक्यावर बसत नाही." लग्नात व्याह्यांनी मला ओळखलं नाही, माझा ट्रक ओळखला. मांडवाबाहेर उभा होता, त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "डाव्या मडगार्डचा पोचा काढला वाटतं?" एवढ्या गाड्यांतून माझ्या गाडीचा पोचा ज्याच्या लक्षात राहतो, त्याच्या घरात मुलगी नीट वाढली असणार, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं नाही.

नाक्यावर गोळ्यांची पेटी आली की माल ओळखण्यापुरती एक गोळी तोंडात टाकायची, ही त्यांची रीत. अशानं जीभ इतकी तयार झाली की डोळे मिटून सांगायचे, ही पाचोऱ्याची, ही पारोळ्याची, ही लिंबाची म्हणतात पण लिंबू हिच्या शेजारूनसुद्धा गेलेलं नाही. एकदा मी त्यांची परीक्षा घ्यायला धुळ्याची गोळी जळगावच्या कागदात गुंडाळून दिली. त्यांनी ती या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, "व्याही, लुगडं आमच्याकडचं आहे, बाई मात्र परगावची." चॉकलेट आणि गोळी यांत कोणी घोळ केलेला त्यांना खपत नसे. झेंडावंदन करून येणारी पोरं "चॉकलेट मिळालं, चॉकलेट मिळालं" करत जात असली की हा माणूस त्यांना भर रस्त्यात थांबवायचा. "दाखव बघू. ही गोळी आहे. कागद गुंडाळला म्हणून चॉकलेट होत नाही. मी कोट घातला तर कलेक्टर होईन का?" पोरं बिचारी गोळी मुठीत लपवून पळत सुटायची.

तर अशा माणसाच्या डोक्यात पेन्शनीत गेल्यावर आलं की, जन्मभर पेट्या पाहिल्या, आता त्या जिथून निघतात ते कारखाने आणि दुकानं एकदा पाहायची. जीप करायची आणि जळगाव, पाचोरा, पारोळा, अमळनेर करत नरडाण्याला शेवट. नरडाण्याला तेव्हा नवीन शेड उभी राहिली होती आणि तिथं खरं चॉकलेट करतात अशी त्यांची पक्की खबर होती. बेत एका दिवसाचा. पण नाक्यावरचा माणूस कागदाशिवाय श्वास घेत नाही. जांभळी पेन्सिल, मध्ये कार्बन, तीन प्रती. एक त्यांना, एक मला, तिसरी कोणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. गाव, माल, अंतर आणि शेरा असे रकाने. पाचोऱ्यापुढे शेरा होता, "रेल्वे फाटक बंद असल्यास थांबणे." मी गमतीनं विचारलं, "आणि उघडं असलं तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिन्ही प्रती गोळा केल्या, पिशवीत घातल्या आणि उठले. पंधरा दिवसांनी दुरुस्ती होऊन आली. "उघडे असल्यास जाणे."

अशा दुरुस्त्या घेऊन ते दर दुसऱ्या रविवारी एस.टी.नं धुळ्याला येत. आमच्यात जुनी रीत अशी की बापानं लेकीच्या सासरी कामाशिवाय जाऊ नये, गेलाच तर अन्नपाणी घेऊ नये. नातवंड झालं की हे सुटतं. आमच्याकडे नातवंड होत नव्हतं. व्याही जळगावहून फिरकीच्या तांब्यात आपलं पाणी आणायचे, स्टँडवर चार घास खाऊन यायचे आणि आमच्या ओट्यावर बसून फक्त खिशातली गोळी चघळायचे. सून दारात येऊन विचारायची, "आबा, चहा टाकू?" की हे म्हणायचे, "नको बेबी, तोंडात गोळी आहे." मग ती दारातच तांदूळ निवडत बसायची आणि आम्ही कागद पसरायचो. माझ्याशी अंतर बोलता बोलता ते मध्येच मोठ्यानं विचारायचे, "बेबी, इकडची हवा कशी आहे? खोकला वगैरे होत नाही ना? प्रवासाला हवा पाहावी लागते." किंवा, "बेबी, तुमच्याकडे सकाळी किती वाजता उठावं लागतं? म्हणजे जीप त्या हिशेबानं सांगता येईल." मला वाटायचं, काय चौकस माणूस! जळगावची दुकानं पाहायचा बेत जळगाव सोडून धुळ्याला येऊन का करावा लागतो, हेही मला कधी सुचलं नाही. घाटात समोरच्या गाडीचा ब्रेक निकामी झाल्याचं आवाजावरून ओळखणारा मी, आणि इथं ओट्यावर काही ऐकू आलं नाही.

सहाव्या वर्षी माझं डोकं फिरलं. माझ्या वाटणीच्या प्रतींनी घरी पेटी भरली होती आणि जीप काही हलत नव्हती. मी एका ओळखीच्याची जीप सांगितली आणि व्याह्यांना म्हटलं, "पुढच्या रविवारी निघायचं. मी चालवणार." त्यांनी तोंडातली गोळी अख्खी गिळली.

"अजून शेरे बाकी आहेत, व्याही."

"जीपमध्ये लिहा."

"पावसाळ्याचं काही सांगता येत नाही."

"जानेवारी चालू आहे."

ते सुनेकडे पाहत राहिले. मला वाटलं, आनंदानं बोलती बंद झाली.

ते आदल्याच दिवशी धुळ्यात आले आणि लेकीकडे मुक्काम नको म्हणून स्टँडजवळ लॉजमध्ये उतरले. सकाळी आम्ही दोघं जळगावला निघालो. त्यांच्याच गल्लीतून जीप जाताना शेजारीण ओरडली, "आबा, तुम्ही काल धुळ्याला गेलते ना? मग इथं काय करताय?" "जळगाव पाहायला आलोय," ते म्हणाले. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. कढईत पाक खदखदत होता. एका गड्यानं तो तापलेला गोळा भिंतीतल्या खुंटीवर टाकला आणि ओढायला लागला. ओढावा तसा तो पांढरा होत जाई, रेशमासारखा चमके. व्याह्यांनी टोपी काढून हातात घेतली. "इतकी वर्षं मी हिला पेटीतच पाहिली," एवढंच म्हणाले. पाचोऱ्याला फाटक बंद होतं. आम्ही थांबलो. त्या दिवसात त्यांचा चेहरा खुलला तो तेवढाच वेळ.

कारण पाचोरा सुटलं आणि माणूस मंदावला. पारोळ्याला एका बरणीवाल्या दुकानात त्यांनी सगळ्या बरण्या उघडायला लावल्या, मग दुकानदाराच्या आजोबांपासून चौकशी सुरू केली. अमळनेरला म्हणाले पाय दुखतात, मग म्हणाले पाणी प्यायचंय, मग म्हणाले हे दुकान पुन्हा एकदा पाहू. मी हॉर्नवर हात ठेवून बसलो होतो. शेवटी जीपमध्ये आले, कागद मांडीवर घेतला आणि पेन्सिलीनं एकेका गावावर खूण केली. नरडाणा तेवढं उरलं होतं. अमळनेर मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, "व्याही, एवढं झालं की मग पुढल्या रविवारी मी तुमच्याकडे कशासाठी येऊ?"

मी गिअर बदलला. पुढे फाटा आला. एक रस्ता नरडाण्याला, दुसरा धुळ्याला. फाट्यावर हा एवढा मोठा बोर्ड, बाण काढलेला, आणि नरडाणा ही अक्षरं मलाही वाचता येतात. मी गाडी धुळ्याच्या रस्त्याला घातली. पाच-सहा मैल गेल्यावर, आयुष्यात कोणापुढे म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"व्याही, रस्ता चुकलो वाटतं."

त्यांनी मागे वळून पाहिलं. तो बोर्ड त्यांनीही वाचला होता. नाक्यावरच्या माणसाचं वाचायचं काही सुटत नाही. मग पेन्सिल जिभेला लावून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "नरडाणा : राहिले." तिन्ही प्रतींवर उमटावं म्हणून जरा दाबून लिहिलं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश होता. सून ओट्यावर आली. "झालं का सगळं, आबा?"

"कसलं झालं बेबी! तुझ्या सासऱ्याला रस्ता सापडत नाही. ट्रक कसा चालवला देव जाणे."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर त्याला मी ओट्यावरून खाली घातला असता. मी म्हटलं, "फाटा बदललाय तिथला."

त्यानंतरही ते दर दुसऱ्या रविवारी येत राहिले. नातवंड काही झालं नाही. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आमच्या घरातही माझ्यासमोर कोणी बोललं नाही, आणि माझ्या मागं बोलायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती, असं मी धरून चालतो. एका गावाचा आराखडा, पण कागद पहिल्याइतकेच लागत. काही वर्षांनी मला ट्रकवाल्यांकडून कळलं की नरडाण्याचा तो कारखाना बंद पडला, यंत्रंसुद्धा नेली. गोळ्यांची बातमी व्याह्यांना माझ्या आधी लागली नसेल असं होणं शक्य नाही. त्या रविवारी ते आले, पायऱ्या चढताना दोनदा थांबले, ओट्यावर बसले आणि कागद पसरला. दारात सून होती.

"व्याही," ते म्हणाले, "नरडाण्याला सकाळी लवकर पोचलेलं बरं. चॉकलेट सकाळीच पाहावं."

मी म्हटलं, "एवढा उन्हाळा जाऊ द्या. मग बघू."