बँडसॉजवळचं स्टूल

भास्कर गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी धंतोलीतल्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्याच्यावर चिडत होते. सकाळपासून छातीत जड वाटत होतं आणि हा गृहस्थ मला सांगत होता की ताई, काल तुझी वांग्याची भाजी तिखट झाली होती. म्हणजे दोष भाजीचा. ऑटोत बसतानासुद्धा 'गॅस आहे, उगीच धावपळ करून राहिली' हेच चाललं होतं. डॉक्टर बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले, आणि मी त्यांना विचारलं की आत जाऊन त्याला दोन शब्द सुनावू का... ते शेजारी बसले आणि मग त्यांनी सांगितलं. याला आता दीड महिना होत आला, पण तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

भास्कर माझा धाकटा भाऊ. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला, लग्न केलं नाही. मी शाळेतून निवृत्त झाले, आमचे हे गेले, आणि मी नागपुरातल्या भावाच्या घरी राहायला आले. लोक आमच्याकडे पाहून हळहळायचे, दोघं म्हातारी एकटीच राहतात म्हणून. अहो, एकटं राहायला फुरसत कुठे होती! सकाळचा चहा कोणी करायचा इथपासून आमची जी जुंपायची, ती रात्री दाराला कडी लावेपर्यंत.

त्यात निवृत्तीनंतर यानं ती मशीन आणली. सावनेरचा एक फर्निचरवाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडून जुना बँडसॉ घेतला आणि मालवाहू ऑटोत घालून आणला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट समजा. आत वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारं दातेरी पट्टीसारखं पातं. मधल्या टेबलावर लाकूड ठेवायचं आणि हातानं पात्याकडे सरकवायचं. सरळ तर कापतंच, पण वळणं कापावीत तर यानंच. आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी आलीच नव्हती, तिथे ही बाई येऊन बसली. मी तिला सवत म्हणायचे. नवऱ्यामुळे सवत येते, मला भावामुळे आली.

पहिले कित्येक दिवस तिनं एक लाकूड धड कापलं नाही. फळी थरथरायची, वर उडायची, धूर निघायचा, जळका वास थेट स्वयंपाकघरात. भास्करनं वरचं चाक तिरकं करून पाहिलं, सरळ करून पाहिलं, पात्याचा ताण वाढवला, कमी केला, सगळे स्क्रू खोलून पुन्हा बसवले. एकदा पातं चाकावरून निसटून असं दणक्यात आदळलं, की शेजारच्या वहिनी सिलिंडर फुटला समजून रस्त्यावर आल्या. मग सावनेरवाल्याच्या नावानं शिव्या सुरू. मी म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. एका दुपारी चहा द्यायला गेले तर साहेब डोक्याला हात लावून बसलेले. मशीन बंद होती. मी सहज वाकून पाहिलं आणि विचारलं, "काहून गा भास्कर, दात खाली पाहायले पाहिजेत ना? हे तर वर पाहून राहिले." पातं उलटं बसवलं होतं त्यानं. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, आणि दाताचं तोंड कुठे ते पाहिलं नाही. त्यानं वाकून दातांवरून बोट फिरवलं. मग इतका हसला, की चहा सांडला. पातं सुलटं झालं आणि मशीन लोण्यासारखी कापू लागली.

मग त्याला पोळपाटांचा नाद लागला. गोल कापायला बँडसॉइतकं सोयीचं काही नाही. गल्लीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं, की आमच्याकडून सागवानी पोळपाट जायचा, कड घासूनपुसून, तेल लावून. हल्लीच्या मुली पोळ्या करतात की नाही, कोण जाणे. पण एकीनंही नको म्हटलं नाही. त्याचे कानही तयार झाले होते. एकदा चालू मशीन बंद करून म्हणाला, टिकटिक येऊन राहिली. मला काही ऐकू आलं नव्हतं. पाहतो तर पात्याच्या जोडाला केसाएवढी चीर. ते तुटून अंगावर आलं असतं.

आणि मग डोळे... काचबिंदू. हा आजार फार लबाड असतो. समोरचं दिसतं, बाजूचं हळूहळू काळोखात जातं. म्हणजे त्याला पातं दिसायचं, पेन्सिलची रेघ दिसायची, पण बाजूनं येणारा स्वतःचा अंगठा दिसायचा नाही. डॉक्टरांनी मशीनचं ऐकल्यावर कपाळाला हात लावला. भास्करचा पुतण्या निलेश पुण्याला असतो, आमच्या मधल्या भावाचा मुलगा. मधला भाऊ लवकर गेला, तेव्हापासून भास्करनंच त्याला वाढवलं. त्यानं फोनवर सरळ सांगितलं, आत्या, गिऱ्हाईक पाहतो, काकाची बोटं जायच्या आत ती मशीन घरातून गेली पाहिजे. त्याचं काही चूक नव्हतं. मलाही तेच वाटत होतं. मी गॅरेजमध्ये गेले ते हेच सांगायला. भास्कर टेबलावरचा भुसा पुसत होता. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला,

"सोडायची तेव्हा मीच सोडीन, ताई. पण कोणी माझ्या हातून काढून नका घेऊ."

स्कूटर चालवणं गेलं होतं, वाचन जात होतं, रस्ता ओलांडताना माझा दंड धरावा लागत होता. एकेक गोष्ट कोणी ना कोणी त्याच्या हातून काढूनच घेतली होती. मग मी आपली हेडमास्तरीण झाले. नियम केला. मी स्विचजवळ स्टूल टाकून बसेन, माझा हात स्विचवर राहील, आणि मी नसेन तर मशीन लागणार नाही. तेव्हापासून रोज सकाळची भांडी झाली, की मी तिथे. शेजारणींना वाटायचं, भावाला सोबत करते. सोबत कसली! मी एकटक त्याच्या दहा बोटांकडे बघत असायचे. पापणी लवली तरी जीव दचकायचा. रात्री डोळे मिटले तरी बोटंच दिसायची.

एक दिवस अंगठा पात्याच्या अगदी जवळ गेला. मी स्विच बंद केला. ओरडले नाही. चाकं फिरून फिरून थांबली. तो उभा होता तसाच उभा राहिला. कुठे चुकलं ते त्याला दिसलं नव्हतं, पण मशीन का थांबली ते समजलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर तो स्टुलावर बसलेला. म्हणाला, "आजपासून तू काप. मी ऐकतो."

मी या वयात, त्या मशीनवर! लाकूड जोरात लोटलं, की स्टुलावरून आवाज यायचा, "दमानं वं ताई. पातं खाते तेवढंच दे." नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं, की मी लोटते आहे, की कड तिरकी चालली आहे. पुढचे सगळे पोळपाट मी कापले, तो कड घासायचा आणि तेल लावायचा. बाहेर कोणाला सांगितलं नाही. सांगू नको असं त्यानं म्हटलं नव्हतं, पण मला ते सांगावंसं वाटलं नाही. मशीन त्यानं स्वतः सोडली होती, एवढं आम्हा दोघांना माहीत होतं. तेवढं पुरे होतं.

गेल्या आठवड्यात निलेश आला. कागदपत्रं झाली, कपडे वाटून झाले, मग तो गॅरेजमध्ये जाऊन मशीनचे फोटो काढू लागला. गिऱ्हाईक मिळालं होतं. मशीनशेजारी सागवानाची एक फळी पडली होती, तिच्यावर जाड काळ्या मार्करनं काढलेलं वर्तुळ. निलेशची मुलगी जुई नोकरीसाठी बेंगळुरूला जाणार आहे, तिच्या पोळपाटासाठी. भास्कर वारला त्याच्या आदल्या दिवशीच त्यानं ते काढलं होतं. निलेश फळीवरून हात फिरवत म्हणाला, काका राहिला असता तर कापून झाला असता.

मी फळी उचलून टेबलावर ठेवली. तो घाबरला. "आत्या, काय करून राहिली? त्या मशीनले हात नको लावू."

मी त्याला सगळं सांगितलं. काकानं ती कधीच सोडली होती, दिवाळीत तुमच्याकडे आलेला पोळपाट माझ्या हातचा, एका बाजूला जरा दबलेला आहे, जाऊन पाहा. तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, मी तर त्याला फोनवर दर वेळी रागवायचो... मी म्हटलं, त्याला ते आवडायचं. खोटं नाही, खरंच आवडायचं.

"बस इथे," मी स्टूल दाखवलं. "स्विचवर हात ठेव. माझ्या बोटांकडे पाहा. पात्याकडे नाही, लाकडाकडे नाही, बोटांकडे. जवळ गेली की बंद कर, मला विचारू नको."

त्यानं फोन खिडकीत पालथा ठेवला आणि स्टूल पुढे ओढून बसला. मशीन सुरू झाली. फळी हळूहळू वळवत मी अर्ध्या वर्तुळापर्यंत आले आणि एकदा, करू नये ते केलं, मान वर करून पाहिलं. निलेशच्या दोन्ही गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायलाही त्यानं माझ्या बोटांवरची नजर हलवली नव्हती.