मागच्या सीटचं मत

कोणी कुठल्याही गाडीबद्दल मत द्यायला लागलं की आमच्या गटातले काका हातातला चहाचा ग्लास खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "मागे कोण बसलं होतं?"

बहुतेकांच्या मागे कोणीच बसलेलं नसायचं. मग काका "बरं, बरं" म्हणून पुन्हा ग्लास उचलायचे. त्यांचं ते "बरं" ऐकलं की आपण निम्माच पेपर सोडवून वर्गाबाहेर आलोय असं वाटायचं. काका पॉलिटेक्निकात शिकवून निवृत्त झालेले. आवाज न चढवता नापास करायची कला त्यांच्या अंगात मुरलेली होती.

आमचा गट एकाच मोटरसायकलच्या मालकांचा. गाडीचं नाव सांगत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ओळखलंच असेल आणि बाकीच्यांना काही फरक पडत नाही. वेगातही कमी नाही आणि लांबच्या प्रवासातही थकवत नाही, म्हणजे दोन्ही घरची पाहुणी असून उपाशी न राहिलेली ही गाडी. बाजारात बरीच वर्षं टिकून आहे. दर रविवारी सकाळी आम्ही खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका टपरीवर जमतो. मी विश्रांतवाडीहून अख्खं पुणे ओलांडून येतो, दोन चहा पितो आणि परत जातो. आम्ही याला राइड म्हणतो. घरी त्याला वेगळं नाव आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा त्या गाडीचं सुधारलेलं मॉडेल आलं आणि टपरीवर मतांना ऊत आला. एकाला इंजिनाचा आवाज मवाळ वाटला. एकाला समोरची काच नको इतकी मोठी वाटली. खराडीच्या एका आयटी कंपनीतला आमचा दोस्त म्हणाला की हँडलिंग एकदम सॉर्टेड आहे, पण लुक जरा अंकल झालाय, आणि मग काकांकडे बघून बिस्किट खायला लागला. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत झालं, जे पुण्यात सहसा होत नाही. मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट कंपनीने खाली आणले होते. घाटातल्या वळणावर गाडी कलली की ते रस्त्याला घासणार, आणि आमच्या मते घाटात न कलणारी गाडी म्हणजे स्कूटर. त्या मुद्द्यावर आम्ही नवं मॉडेल निकालात काढलं.

काकांनी एवढंच विचारलं, "किती खाली?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी गाडी चालवून पाहिली होती, वाकून कोणी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात काकांनी मला शोरूमला चला म्हणून फोन केला. मला वाटलं, सोबत हवी असेल. तिथे गेल्यावर म्हणाले, "तुम्ही चालवा. मी मागे बसतो." शोरूममधल्या बाई गोंधळल्या. टेस्ट राइड नक्की कोणाची, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "माझीच. मागून."

सहा फुटांचा, पासष्टी ओलांडलेला माणूस मागे घेऊन मी निघालो. खड्डे आले, गतिरोधक आले, काका मागे ताठ बसून होते. एका झाडाखाली त्यांनी थांबायला सांगितलं, पण उतरले नाहीत. तिथेच बसून पाय फूटरेस्टवर ठेवला, गुडघ्यामागे बोटं घालून तो किती दुमडतोय ते चाचपलं, पाय खाली सोडला, परत वर घेतला. मी विचारायच्या आत त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

काका आणि काकू लग्नापासून मोटरसायकलवर हिंडलेले. हंपी, गोकर्ण, पार भेडाघाटपर्यंत. खांद्यावर एक थाप म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांबा, एवढ्या भाषेवर त्यांचा प्रवास चालायचा. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या चालतात, जिने चढतात, पण गुडघा एका मर्यादेपलीकडे दुमडत नाही. जुन्या गाडीचे फूटरेस्ट इतके वर की मागच्याला जवळजवळ उकिडवंच बसावं लागतं. एकदा प्रयत्न केला, तर कात्रजपर्यंत जाऊन काकू रिक्षाने परत आल्या. तेव्हापासून काका खडकवासल्याच्या पुढे गेले नव्हते. तुम्ही एकटे जा, असं काकूंनी पुष्कळदा सांगून पाहिलं होतं. "जाववत नाही हो," काका म्हणाले. इतकी वर्षं मी या माणसाला फक्त गाड्यांवर बोलताना ऐकलं होतं. मी आरसा नीट करत बसलो.

दोन दिवसांनी काका काकूंना घेऊन शोरूमला आले. मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. काकूंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढ्या पैशांत हिला छप्पर का नाही, असं विचारलं. मग काका पुढे बसले आणि काकूंनी जुन्या सवयीने डावा पाय फूटरेस्टवर ठेवून अंग उचललं. गुडघ्याने नकार दिला. त्या पुन्हा खाली आल्या. दुसऱ्यांदाही तेच झालं.

काकांचा चेहरा उतरला. हेल्मेट काढत ते हळूच म्हणाले, "राहू दे. आपण गाडीने जाऊ ना, चारचाकीने."

काकू त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या रस्त्याची कडा बघत होत्या. "अहो, ही जरा पुढे घ्या. फूटपाथला लावा. पुण्याच्या फूटपाथवर चालता येत नाही, निदान उभं तरी राहता येतं."

काकांनी गाडी कडेला लावली. काकू फूटपाथवर चढल्या, काकांच्या खांद्याला धरलं, उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकला आणि बसल्या. मग एकेक पाय फूटरेस्टवर ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या गुडघ्याकडे बघत होतो. कोणा बाईच्या गुडघ्याकडे इतक्या आदराने याआधी बघितलं गेलं नसेल. काकू म्हणाल्या, "चला."

ते गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. शोरूमच्या बाई सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. मी त्यांना धीर देत होतो आणि मलाच तो पुरत नव्हता. शेवटी गाडी आली. काकूंच्या हातात पेरूंची पिशवी होती, म्हणजे सिंहगड रस्त्याला नक्की जाऊन आले असणार.

त्या लगेच उतरल्या नाहीत. मी गटाचा प्रतिनिधी या नात्याने आमची शंका मांडली, की हे फूटरेस्ट घाटात घासतील.

"कसे घासतील?" काकू म्हणाल्या. "मी मागे असले की हे घाटात हळू चालवतात."

गटात एवढी मतं झाली, पण हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता. मलाही भरून आलं, ते मी पेरू निवडण्यात घालवलं.

आता काका रविवारी टपरीवर येत नाहीत. आम्ही नव्या मॉडेलला नावं ठेवतो, पण पूर्वीची रंगत राहिलेली नाही, कारण नापास करणारं कोणी नाही. गटातल्या दोघांनी ती गाडी घेतलीही. का घेतली, ते विचारलं तर विषय बदलतात.

गेल्या रविवारी गटाच्या व्हॉट्सॲपवर काकांच्या नंबरावरून एक फोटो आला. चालत्या गाडीवरून काढलेला, म्हणून थोडा हललेला. अर्ध्या फोटोत काकांची पाठ, बाजूला उतरत जाणारा लाल मातीचा रस्ता, आणि पार टोकाला समुद्राची पट्टी. खाली काकूंनी लिहिलं होतं, "आज कारवार. ह्यांनी परत फिरू या का विचारलं. मी नाही म्हटलं."